संसद उठल्यापासून चौतीस तास

सोमवार, २३ मार्च २०२०, दुपारी २. टाळेबंदीला ३४ तास

लोकसभा एरवी सकाळी अकराला भरते. त्या सोमवारी बैठक दुपारी दोनला ठेवली होती. अर्थसंकल्पी अधिवेशन ठरल्याप्रमाणे ३ एप्रिलपर्यंत चालायचं होतं, पण आज गाशा गुंडाळला जाणार हे आत शिरणाऱ्या प्रत्येकाला कळून चुकलं होतं. तृणमूल काँग्रेसने आपल्या खासदारांना आदल्या दिवशीच परत बोलावून घेतलं होतं. तीन दिवसांपूर्वी बातमी फुटली होती, की लखनौतल्या एका मेजवानीला गेलेले एक खासदार त्यानंतर संसदेत येऊन बसले, राष्ट्रपती भवनातल्या न्याहारीलाही गेले, आणि त्या मेजवानीतली गायिका आता कोरोनाबाधित निघाली आहे. काही खासदारांनी स्वतःला घरात कोंडून घेतलं होतं. भीती संसदेच्या आत पोचली होती.

वित्त विधेयक पुकारलं गेलं. वर्षभर या देशात कोणी किती कर भरायचा, हे ठरवणारं विधेयक. एरवी त्यावर तासन्‌तास भाषणं होतात. त्या दिवशी चर्चा झाली नाही. साथीत होरपळणाऱ्यांसाठी आर्थिक मदत जाहीर करा, अशी मागणी विरोधी बाकांवरून झाली. आवाजी मतदान झालं, विधेयक मंजूर झालं. डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांच्यासाठी सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मग अध्यक्ष ओम बिर्ला यांनी लोकसभा बेमुदत तहकूब केली. राज्यसभाही त्याच दिवशी उठली.

इथून चौतीस तासांनी देशाला कुलूप लागणार होतं. सभागृहात कोणी तसं सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. सरकारचं तोवर ठरलं नसेल, किंवा ठरलं असेल आणि सांगितलं नसेल. या दोन्हींतलं काहीही खरं असलं, तरी सभागृह भरलेलं असताना त्यावर एक प्रश्न व्हायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

त्याआधीचे दिवस

संसद झोपली होती असं मी म्हणणार नाही. ३० जानेवारीला केरळात पहिला रुग्ण सापडला आणि दुसऱ्याच दिवशी अधिवेशन सुरू झालं. ५ मार्चला आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी संसदेत निवेदन केलं, तेव्हा देशात २९ रुग्ण होते. राज्यसभेत मंत्र्यांच्या निवेदनानंतर सदस्यांना खुलासे मागता येतात. लोकसभेचा नियम मात्र असा, की निवेदन चालू असताना त्यावर प्रश्न विचारायचा नाही. ऐकून घ्यायचं.

९ मार्चला पुण्यात दुबईहून परतलेलं जोडपं बाधित निघालं. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. १३ मार्चला केंद्राच्या आरोग्य खात्याचे अधिकारी पत्रकारांना सांगत होते, की ही आरोग्य आणीबाणी नाही, घाबरू नका. १४ मार्चला महाराष्ट्र विधिमंडळाने आपलं अधिवेशन आठवडाभर आधी आवरतं घेतलं. २० मार्चला मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर ही शहरं महिनाअखेरपर्यंत बंद झाली.

आणि २२ मार्च. जनता कर्फ्यूचा रविवार. संध्याकाळी पाचला थाळ्या वाजल्या ते सगळ्यांना आठवतं. त्याच दिवशी रेल्वेने देशभरातल्या प्रवासी गाड्या ३१ मार्चपर्यंत बंद केल्याचं जाहीर केलं, ते फार कमी जणांना आठवतं. मुंबईच्या लोकलही त्या मध्यरात्रीपासून थांबल्या. माझ्या लेखी या घटनाक्रमातली सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच आहे. मजुराची घरी जायची वाट आधी बंद झाली आणि त्याची रोजी दोन दिवसांनी. सोमवारी दुपारी लोकसभा भरली तेव्हा गाड्या थांबून चौदा तास झाले होते. हा विषय तातडीचा आणि लोकमहत्त्वाचा नव्हता, असं कोण म्हणेल?

२३ मार्च, दुपार उतरताना. ३१-३२ तास

खासदार विमानतळाकडे निघाले असतील. विमानं अजून चालू होती. देशांतर्गत विमानसेवा २४ तारखेच्या मध्यरात्री थांबवायची, हे त्याच सोमवारी जाहीर झालं. म्हणजे खासदारांना घरी पोचायला दीड दिवस मिळाला.

खासदाराचं काम काय, यावर आपल्याकडे घोळ आहे. गटार तुंबलं की आपण खासदाराला फोन करतो, लग्नाची पत्रिका देतो, बदलीसाठी शब्द टाकायला सांगतो. साथीच्या काळात तर धान्याची पाकिटं वाटणारा तो चांगला खासदार, अशी मोजपट्टीच झाली. पाकिटं वाटली त्यांनी चांगलंच केलं. पण पाकिटं वाटायला गणेश मंडळंही होती, गुरुद्वारे होते, मशिदी होत्या. सरकारच्या मंत्र्याला उभं करून 'तुम्ही उद्या काय करणार आहात आणि त्याने कोणाचं काय होईल?' असं विचारण्याचा अधिकार मात्र देशात फक्त त्या आठशेच्या आतबाहेर माणसांनाच आहे. मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावंच लागतं, आणि दिलेलं उत्तर कायमचं नोंदवलं जातं.

हत्यारं त्यांच्याकडे पुरेशी आहेत. रोज वीस तारांकित प्रश्न, त्यावर पूरक प्रश्न. शून्य प्रहर. लक्षवेधी सूचना. स्थगन प्रस्ताव. नियम १९३ खालची चर्चा. प्रश्नाला एरवी पंधरा दिवसांची पूर्वसूचना लागते, पण लक्षवेधीला एवढा वेळ लागत नाही. कागदाचा एक चिठोरा आणि सकाळी लवकर उठायची तयारी एवढ्यावर काम भागतं.

काय विचारता आलं असतं? मी साधे तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत. गाड्या बंद झाल्या, मग परराज्यांतले मजूर आहेत तिथेच राहणार आहेत का, आणि काम थांबलं तर त्यांना कोण जेवू घालणार? १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याप्रमाणे ठेकेदारांनी अशा कामगारांची नोंद करायची असते. किती नोंद झाली आहे? बांधकाम कामगारांच्या नावाने उपकर गोळा होतो, त्यातले किती पैसे आज खर्चायला मोकळे आहेत?

हे प्रश्न साथ सरल्यावर सुचलेलं शहाणपण नाही. गाड्या रविवारी थांबल्या होत्या. प्रश्न समोर पडले होते.

२३ मार्च, संध्याकाळ. सुमारे ३० तास

मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्यभर संचारबंदी जाहीर केली. जिल्ह्यांच्या सीमा बंद. राज्यात रुग्णांची संख्या शंभराला टेकत आली होती. जमावबंदी लावूनही लोक रस्त्यावर येत होते, गाड्या काढत होते, म्हणून हे करावं लागतं आहे, असं त्यांचं सांगणं. त्यांच्यापुढे पर्याय फारसे नव्हते, हे मान्य करायला हवं.

ज्या कायद्यान्वये राज्याने हे अधिकार हाती घेतले होते, त्यातला एक १८९७चा. ४ फेब्रुवारी १८९७. मुंबई-पुण्यात प्लेग असताना केलेला, जेमतेम चार कलमांचा. त्या कायद्याच्या जोरावर पुण्यात काय झालं आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत काय झालं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. एवढीच आठवण करून द्यावीशी वाटते, की टिळक त्या वेळी मुंबई कायदेमंडळाचे निवडून आलेले सदस्य होते. ते पुण्यात राहिले, प्लेगचं इस्पितळ चालवलं, आणि सरकारला प्रश्न विचारणंही सोडलं नाही.

२३ मार्च, रात्री ९. २७ तास

भोपाळच्या राजभवनात शिवराजसिंह चौहान यांचा मुख्यमंत्रिपदाचा शपथविधी झाला. आठवडाभरापूर्वी, १६ मार्चला, मध्य प्रदेशच्या विधानसभा अध्यक्षांनी कोरोनाचं कारण देऊन सभागृह २६ मार्चपर्यंत तहकूब केलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, बहुमत चाचणीचा आदेश झाला, मुख्यमंत्री कमलनाथ यांनी राजीनामा दिला. त्या महिन्यात एका मोठ्या राज्याची विधानसभा साथीसाठी एक दिवसही बसली नाही. तिचा सगळा वेळ सरकार कोणाचं यात गेला. या राज्यातली माणसं पुढे महाराष्ट्रातल्या रुळांवर आपल्याला भेटणार आहेत.

मंगळवार, २४ मार्च, पहाटे २. २२ तास

आपल्याकडे पहाटेचे दोन, लंडनमध्ये सोमवार संध्याकाळचे साडेआठ. पंतप्रधान बोरिस जॉन्सन दूरचित्रवाणीवरून देशाला घरात राहायला सांगत होते. त्याच दिवशी तिथल्या कनिष्ठ सभागृहात कोरोना विधेयकाचे सगळे टप्पे पार पडले. विधेयक भयंकर होतं, सरकारला न भूतो असे अधिकार देणारं. घाईत मंजूर झालं. पण सदस्यांनी दडपण आणून त्यात एक गोष्ट घालून घेतली, ती म्हणजे दर सहा महिन्यांनी हे अधिकार चालू ठेवायचे की नाही, यावर सभागृहाने मत द्यायचं.

ब्रिटनने साथ चांगली हाताळली असं नाही, तिथेही माणसं फार मेली. पण सरकारच्या हाती चाबूक देताना त्याची दोरी आपल्या हातात ठेवायची, हे तिथल्या सदस्यांना त्या घाईतही सुचलं.

आपल्याकडे नवा कायदा करायची गरजच पडली नाही. २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा होता. पूर, भूकंप, त्सुनामी डोळ्यांपुढे ठेवून केलेला. त्यातल्या कलम ६ आणि कलम १० खाली केंद्राला देशभर आदेश काढता येतात. या कायद्याखाली केलेले नियम आणि विनियम संसदेपुढे ठेवावे लागतात. आदेशांना ती अट नाही. देशाचं सगळं चलनवलन थांबवणारं जे निघालं तो आदेश होता. त्यामुळे कायद्याने तो सभागृहापुढे यायचं कारणच नव्हतं, आणि सभागृह तर उठलेलंच होतं.

२४ मार्च, सकाळ आणि दुपार. १४ तास, १० तास

निवडणूक आयोगाने राज्यसभेच्या १८ जागांसाठी २६ मार्चला होणारं मतदान पुढे ढकललं.

दुपारी दोनला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पत्रकार परिषद घेतली. विवरणपत्रं भरायची मुदत ३० जूनपर्यंत वाढवली. दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून पैसे काढण्यावरचं शुल्क तीन महिने माफ. दिवाळखोरीची किमान रक्कम एक लाखावरून एक कोटी. कारखानदार आणि करदाते यांना हे हवंच होतं. मजुरी, धान्य, घरभाडं याबद्दल त्या दुपारी काही निघालं नाही. ते निघालं २६ मार्चला, टाळेबंदी लागून दीड दिवस उलटल्यावर.

त्याच मंगळवारी श्रम मंत्रालयाने राज्यांना एक सूचनापत्र पाठवलं. बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळांकडे उपकराचे सुमारे ५२ हजार कोटी रुपये आहेत, नोंदलेले कामगार साडेतीन कोटींच्या आसपास आहेत, त्यांच्या खात्यात पैसे टाका. माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ते हेच. सरकारच्या कपाटात ते होतं. आदल्या दिवशी सभागृहात कोणी मागितलं असतं तर लगेच दुसरा प्रश्न आला असता, की नोंदच न झालेल्यांचं काय? नाक्यावर उभं राहून रोज मालक शोधणाऱ्या माणसाचं नाव कोणत्या मंडळाच्या वहीत असतं?

२४ मार्च, रात्री ८. ४ तास

पंतप्रधान नरेंद्र मोदी दूरचित्रवाणीवर आले. आज रात्री बारापासून संपूर्ण देशात टाळेबंदी. एकवीस दिवस. हे एकवीस दिवस सांभाळले नाहीत तर देश एकवीस वर्षं मागे जाईल. घराच्या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू नका. आरोग्य व्यवस्थेसाठी १५ हजार कोटी रुपये. देशात तेव्हा रुग्ण पाचशेच्या वर होते.

टाळेबंदी नकोच होती, असं माझं म्हणणं नाही. तेव्हा चाचण्यांची साधनं अपुरी, संरक्षक पोशाख तुटपुंजे, व्हेंटिलेटर मोजके होते. वेळ विकत घ्यायला हवा होता. या टाळेबंदीने चौदा ते एकोणतीस लाख लोकांची लागण टळली, असा अंदाज पुढे आरोग्यमंत्र्यांनी लोकसभेत मांडला. माझा मुद्दा आहे तो चार तासांचा. आणि त्या चार तासांच्या आधीच्या तीस तासांचा, ज्यात विचारायला कोणी उरलं नव्हतं.

न्यूझीलंडमध्ये सोमवारी दुपारी पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी जाहीर केलं, की अठ्ठेचाळीस तासांनी सगळा देश घरात बसेल. पन्नास लाखांचा देश, तरी दोन दिवस दिले. आम्ही १३० कोटींचे, कोट्यवधी माणसं पोटासाठी घरापासून हजार-दीड हजार किलोमीटर लांब, आम्हाला चार तास.

२४ मार्च, रात्री ९. ३ तास

आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. भाषण संपलं तेव्हा मी पिशवी घेऊन खाली उतरलो. दुकानदाराने शटर अर्धं ओढलं होतं आणि त्याखालून हात बाहेर येत होते, आत जात होते. कोणी दहा किलो गहू मागत होतं, कोणी दुधाची पावडर. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. दाराच्या खिळ्याला साखरेच्या गाठी लटकत होत्या, पांढऱ्या, केशरी, गुलाबी, दरवर्षीसारख्या. त्या रात्री त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. एका आजींनी मात्र एक माळ मागून घेतली, आणि दुकानदाराने तिचे पैसे घेतले नाहीत.

गल्लीच्या पलीकडे इमारतीचं काम चालू होतं. पत्र्याच्या खोल्यांत वीसेक मजूर राहायचे, बहुतेक छत्तीसगडचे. त्यांच्यातला एक पोरगेला मुलगा गर्दीपासून लांब, विजेच्या खांबाला टेकून उभा होता. त्याच्या हातात पिशवी नव्हती. मी परत निघालो तेव्हा त्याने विचारलं, "साहब, गाड़ी कब चालू होगी?"

मी म्हणालो, "इकतीस तक बंद है, ऐसा बोला है."

"और काम?"

त्याला काय सांगावं ते मला कळलं नाही. मुकादम कुठे आहे असं मी विचारलं. मुकादम दोन दिवस फोन उचलत नव्हता. पगार दर महिन्याच्या सातला व्हायचा. त्यामुळे मार्चची सगळी मजुरी अडकली होती. मी माझ्याकडच्या पिठातलं काही त्याला दिलं, आणि घरी येऊन दार लावून घेतलं. त्याच्या दोन प्रश्नांना देशात उत्तर देऊ शकणारी माणसं कालच्या दुपारपर्यंत एका छताखाली बसली होती, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. नंतर सुचलं, आणि मग डोक्यातून गेलं नाही.

२४ मार्च, रात्र. शेवटचे दोन तास

गृह मंत्रालयाचा आदेश आणि त्यासोबतची मार्गदर्शक तत्त्वं लोकांच्या मोबाइलवर फिरू लागली. किराणा चालू, दूध चालू, औषधं चालू, बँका चालू, वृत्तपत्रं चालू. कार्यालयं बंद, कारखाने बंद, वाहतूक बंद. अडकून पडलेले पर्यटक आणि इतर लोक जिथे उतरले आहेत ती हॉटेलं आणि लॉज चालू ठेवायला मुभा. मजूर पत्र्याच्या खोलीत राहतो, त्याच्यासाठी त्या यादीत ओळ नव्हती. स्थलांतरित मजुरांना आहेत तिथे थांबवा, निवारा द्या, मजुरी द्या, घरमालकांनी भाडं मागू नये, हा आदेश निघाला २९ मार्चला. तोवर दिल्लीच्या आनंद विहार बसस्थानकावर हजारोंची गर्दी लोटून गेली होती.

११ वाजून ५९ मिनिटांनी शेवटची देशांतर्गत विमानं थांबली.

शून्य

बुधवार, २५ मार्च. पाडवा. गुढ्या उभ्या राहिल्या, पण गॅलरीत, खिडकीत.

त्याच बुधवारी वेलिंग्टनमध्ये न्यूझीलंडची संसद भरली. मध्यरात्री तिथेही कुलूप लागणार होतं, त्यामुळे संसदही उठणार होती. पण उठण्याआधी तिने एक समिती नेमली, साथीच्या कारभारावर नजर ठेवणारी. सदस्य अकरा, त्यात विरोधकांचं बहुमत, अध्यक्ष विरोधी पक्षनेते सायमन ब्रिजेस. ३१ मार्चपासून समिती घरबसल्या व्हिडिओवर बसू लागली, मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना बोलावू लागली, आणि लोक ते थेट पाहू लागले.

आमच्याकडे समित्यांच्या सभापतींनी व्हिडिओवर बैठका घेऊ द्या म्हणून पत्रं लिहिली. समितीचं कामकाज गोपनीय असतं, नियमात बसत नाही, असं उत्तर मिळालं. सर्वोच्च न्यायालय व्हिडिओवर चाललं, पंतप्रधान आणि मुख्यमंत्री व्हिडिओवर बोलले, शाळेतली पोरं मोबाइलवर पाढे म्हणू लागली. संसदेच्या समित्या जुलैपर्यंत बसल्या नाहीत. ६ एप्रिलला मंत्रिमंडळाने खासदार निधी दोन वर्षांसाठी थांबवला, तोही सभागृहाबाहेर. ८ एप्रिलला पंतप्रधान पक्षनेत्यांशी व्हिडिओवर बोलले. ते चांगलं झालं, पण ती बैठक होती. तिथल्या उत्तराला सभागृहातल्या उत्तराची बांधिलकी नसते.

समित्या बसू लागल्या तेव्हा कामाच्या ठरल्या, हेही सांगायला हवं. रामगोपाल यादव यांच्या अध्यक्षतेखालच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने नोव्हेंबर २०२०मध्ये अहवाल दिला. ऑक्सिजनची पुरेशी निर्मिती होईल हे बघा, सिलिंडरच्या किमतीला मर्यादा घाला, असं त्यात लिहिलं होतं. पाच महिन्यांनी देशभर लोक सिलिंडर शोधत फिरत होते. देखरेख करणाऱ्याला दूरचं दिसतं, याचा एवढा स्पष्ट पुरावा मला दुसरा माहीत नाही.

शुक्रवार, ८ मे २०२०, पहाटे सव्वापाचच्या सुमारास

जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे वीस मजूर रात्रभर रुळांवरून चालत होते. मध्य प्रदेशातल्या उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतले. भुसावळला पोचायचं आणि तिथून गावाकडची गाडी धरायची, असा बेत होता. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ थकून बसले. बरेचसे रुळांवरच आडवे झाले. गाड्या बंद आहेत असं त्यांना वाटत होतं. मालगाड्या चालू होत्या. सोळा जण गेले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्र आलं. खडीवर, रुळांच्या मधोमध पसरलेल्या चपात्या. हाताने थापलेल्या, वाटेसाठी बांधून घेतलेल्या, काही अजून एकावर एक रचलेल्या.

सोमवार, १४ सप्टेंबर २०२०

१७५ दिवसांनी संसद भरली. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडू नये असं राज्यघटनेचं कलम ८५ सांगतं. ती मुदत संपायला जेमतेम आठवडा उरला होता. महाराष्ट्राच्या विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशनही त्याच महिन्यात, दोन दिवसांत उरकलं होतं. लोकसभेच्या सदस्यांपुढे पारदर्शक पडदे लावले होते, काही सदस्य प्रेक्षक सज्जात बसले होते.

टाळेबंदीत गावाकडे परतताना किती स्थलांतरित मजूर मेले आणि त्यांच्या कुटुंबांना सरकारने काही भरपाई दिली का, असा प्रश्न लोकसभेत विचारला गेला. एक कोटीहून अधिक मजूर आपापल्या राज्यात परतल्याची आकडेवारी श्रम मंत्रालयाने दिली. मृत्यूंची आकडेवारी ठेवली जात नाही, असं सांगितलं, आणि त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही, असं म्हटलं.

उत्तर लेखी होतं. त्या अधिवेशनातून प्रश्नोत्तराचा तास वगळला होता. त्यामुळे कोणत्याही सदस्याला उभं राहून पुढचा प्रश्न विचारता आला नाही.